बोलीचा अर्थ आणि संगणकीय भिडू : काँट्रॅक्ट ब्रिजमधील गैरसमजांचा ऐतिहासिक अभ्यास (१९२५ ते २०२२)

सारांश : काँट्रॅक्ट ब्रिज या पत्त्यांच्या खेळात दोन भिडूंमधील संवाद केवळ बोलींच्या माध्यमातून होतो. आज ऑनलाइन ब्रिज खेळणाऱ्यास अनेकदा संगणक हाच भिडू मिळतो आणि 'संगणकाला माझी बोली समजली नाही' ही तक्रार सर्वत्र ऐकू येते. प्रस्तुत शोधनिबंधात या तक्रारीचा ऐतिहासिक मागोवा घेतला आहे. बोलीचे गैरसमज संगणकाने निर्माण केलेले नसून छापील पद्धती आणि दोन भिडूंमधील प्रत्यक्ष परिचय यांच्यातील जुन्या तणावाचा तो नवा टप्पा आहे, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : काँट्रॅक्ट ब्रिज, बोली, संकेत, भिडू, संगणकीय खेळ, ऑनलाइन ब्रिज.

१. प्रस्तावना

पत्त्यांच्या खेळातील जोडीदारास मराठीत 'भिडू' म्हणतात. मेंढीकोट खेळलेल्या कोणासही समोरासमोर बसलेल्या दोन भिडूंचे नाते परिचित असते. भिडूच्या हातात काय आहे हे पाहता येत नाही आणि विचारताही येत नाही. त्याने टाकलेल्या पानावरून ते ओळखावे लागते. ब्रिजमध्ये हे ओळखणे खेळ सुरू होण्यापूर्वीच आरंभ होते, कारण प्रत्यक्ष पाने पडण्याआधी चारही खेळाडू क्रमाने बोली लावतात. मराठीत 'बोली' या शब्दास लिलावातील बोली आणि बोलली जाणारी भाषा असे दोन्ही अर्थ आहेत. ब्रिजच्या बाबतीत हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे ठरतात, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. ब्रिजमधील बोली म्हणजे किती हात करू याची हमी असते. त्याचबरोबर ती भिडूस दिलेली माहितीही असते.

या माहितीचा अर्थ बोलणारा आणि ऐकणारा यांनी वेगवेगळा लावला, तर गैरसमज होतो. ऐकणारा जर संगणक असेल, तर या गैरसमजाचे स्वरूप बदलते काय, आणि बदलत असल्यास ते कशामुळे, हा प्रस्तुत लेखाचा मध्यवर्ती प्रश्न आहे. खेळांच्या इतिहासात या प्रश्नाचा विचार प्रामुख्याने तांत्रिक अंगाने झाला आहे. वास्तविक तो संवादाच्या इतिहासाचाही प्रश्न आहे.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत. १) ब्रिजमधील बोलीच्या पद्धती प्रमाणित होत गेल्या त्या प्रक्रियेचा आढावा घेणे. २) संगणकास बोली शिकविण्याच्या प्रयत्नांचे प्रमुख टप्पे नोंदविणे. ३) मनुष्य व संगणकीय भिडू यांच्यातील गैरसमजांचे प्रकार स्पष्ट करणे. यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. गैरसमजांची उदाहरणे नमुन्यादाखल आहेत; ती विशिष्ट सामन्यातून घेतलेली नाहीत.

३. बोलीचे स्वरूप

ब्रिजमध्ये प्रत्येक खेळाडूस १३ पाने मिळतात. अशा १३ पानांचे ६,३५,०१,३५,५९,६०० निरनिराळे संच संभवतात. एवढ्या शक्यतांपैकी आपल्याजवळ कोणता संच आहे, हे भिडूस सुचविण्यासाठी खेळाडूस केवळ ३८ शब्द उपलब्ध असतात. एक ते सात या पातळ्या आणि किलवर, चौकट, बदाम, इस्पिक व नो ट्रम्प ही पाच नावे मिळून ३५ बोली होतात. त्यांत पास, डबल आणि रिडबल यांची भर पडते. शिवाय प्रत्येक नवी बोली आधीच्या बोलीपेक्षा वरचढ असावी लागते. म्हणजे बोलताना शब्दसंग्रह सतत कमी होत जातो.

शब्द थोडे आणि आशय फार अशी स्थिती असल्यामुळे एकाच शब्दावर अनेक अर्थ लादावे लागतात. 'डबल' या शब्दाचा मूळ अर्थ 'तुमचा करार पुरा होणार नाही' असा आव्हानाचा आहे. परंतु काँट्रॅक्ट ब्रिजच्या जन्मापूर्वीच, ऑक्शन ब्रिजच्या काळात, त्यास 'भिडू, तुझा रंग सांग' असा दुसरा अर्थ प्राप्त झाला होता. कोणत्या वेळी कोणता अर्थ घ्यावयाचा, हे आधीच्या बोलींच्या संदर्भावरून ठरते. ब्रिजमधील बहुतांश गैरसमजांचे मूळ संदर्भावर अवलंबून असलेल्या या अर्थात आहे.

४. छापील पद्धतींचा काळ

१ नोव्हेंबर १९२५ रोजी लॉस एंजेलिसहून पनामा कालव्यामार्गे हवानास जाणाऱ्या 'फिनलंड' या जहाजावर हॅरॉल्ड व्हॅंडरबिल्ट या अमेरिकी धनिकाने आपल्या नव्या गुणपद्धतीनुसार पहिला डाव मांडला. जेवढ्या हातांची बोली लावली असेल तेवढेच गेमसाठी धरावयाचे, हे या पद्धतीचे मुख्य सूत्र होते. ऑक्शन ब्रिजमध्ये कमी बोली लावून अधिक हात केले, तरी त्यांचा लाभ मिळत असे. आता अचूक बोलीस विलक्षण महत्त्व आले आणि भिडूचा हात ओळखणे ही चैन न राहता गरज बनली.

ही गरज एली कल्बर्टसन याने ओळखली. १९३० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या 'ब्लू बुक' या पुस्तकाने सामान्य खेळाडूस एक तयार पद्धती दिली. पुस्तक वाचलेले कोणतेही दोन अनोळखी खेळाडू परस्परांची बोली समजू शकतील, असे आश्वासन या पुस्तकामागे होते. त्याच्या विरोधात इतर नामवंत तज्ज्ञांनी एकत्र येऊन 'ऑफिशियल सिस्टिम' पुढे आणली. या संघर्षातूनच डिसेंबर १९३१ ते जानेवारी १९३२ या काळात न्यूयॉर्कमध्ये कल्बर्टसन विरुद्ध सिडनी लेन्झ हा १५० रबरांचा गाजलेला सामना झाला. आल्फ्रेड ग्रुएन्थर या तरुण लष्करी अधिकाऱ्याने पंच म्हणून काम पाहिले. पुढे तो नाटो संघटनेचा सरसेनापती झाला. सामना कल्बर्टसनने ८,९८० गुणांनी जिंकला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या सामन्यातील वेगळी घटना अधिक बोलकी आहे. लेन्झचा भिडू ऑस्वाल्ड जेकोबी हा त्या पिढीतील अत्यंत कुशल खेळाडू होता; मात्र हातात नसलेले असल्याचे भासविणाऱ्या फसव्या बोलींसाठी तो प्रसिद्ध होता. लेन्झचा पिंड सावध खेळाचा होता. १०३ रबरांनंतर दोघांतील मतभेद विकोपास गेले, जेकोबीने सामना सोडला आणि त्याची जागा विनफिल्ड लिगेट याने घेतली. पद्धती एकच, पुस्तक एकच, दोघेही निष्णात, तरीही जोडी टिकली नाही. समान पद्धती असली म्हणजे समान समज असतेच असे नाही, हे काँट्रॅक्ट ब्रिजच्या सातव्या वर्षातच सिद्ध झाले होते.

५. कृत्रिम संकेत आणि नियमांची चौकट

त्यानंतरच्या काळात बोलीचा शाब्दिक अर्थ आणि सांकेतिक अर्थ यांतील अंतर वाढत गेले. ईझ्ली ब्लॅकवुड याने १९३३ साली सुचविलेल्या संकेतात 'चार नो ट्रम्प' म्हणजे 'तुझ्याजवळ किती एक्के आहेत?' असा प्रश्न होय. सॅम्युएल स्टेमन याच्या नावाने १९४५ पासून रूढ झालेल्या संकेतात 'दोन किलवर' या बोलीचा किलवरशी काही संबंध नसतो. १९५६ साली जेकोबीने अमेरिकेत प्रसृत केलेल्या संकेतात 'दोन बदाम' म्हणजे आपल्याजवळ इस्पिक आहेत, असा अर्थ होतो. चार्ल्स गोरेन याने १९४९ पासून एक्क्यास ४, राजास ३, राणीस २ आणि गुलामास १ अशी गुणगणना लोकप्रिय केली. तिच्यामुळे हाताचे सामर्थ्य आकड्यात सांगता येऊ लागले. या आकड्यांमुळेच पुढे बोलीचे नियम संगणकात भरणे सुकर झाले.

याच काळात नियमांनी दोन तत्त्वे दृढ केली. पहिले असे की, भिडूशी संवाद केवळ बोली व पाने यांतूनच व्हावा. स्वर, चेहरा, विलंब यांतून मिळालेल्या माहितीचा लाभ घेऊ नये. दुसरे असे की, दोन भिडूंमधील कोणताही संकेत गुप्त नसावा. प्रतिस्पर्ध्यांना त्याचा अर्थ कळलाच पाहिजे. १९६० च्या दशकात स्वीडनमध्ये बोलीच्या छापील पत्त्यांची पेटी वापरात आली. १९७५ च्या 'बर्म्युडा बाउल' या जागतिक स्पर्धेत भिडूंच्या मध्ये आडवा पडदा लावण्यात आला. आवाज गेला, मग चेहराही गेला. उरली ती केवळ बोली. संगणक पटावर येण्यापूर्वीच ब्रिजने खेळाडूंकडून यंत्रासारख्या निर्विकार वर्तनाची अपेक्षा केली होती, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

६. संगणकास बोली शिकविण्याचे प्रयत्न

ब्रिज खेळणाऱ्या संगणकीय प्रणालीवरील आरंभीच्या प्रयत्नांत जी. कार्ले याने १९६२ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे सादर केलेल्या प्रबंधाचा समावेश होतो. १९७० साली अँथनी वासरमन याने बोलीवर लक्ष केंद्रित करणारी प्रणाली मांडली, तर १९७५ साली स्टॅनियर याची 'ब्रिबिप' ही बोलीची प्रणाली प्रकाशात आली. ब्योर्न गॅम्बॅक, मॅनी रेनर आणि बार्नी पेल यांनी १९९३ च्या केंब्रिज विद्यापीठातील अहवालात बोलीकडे भाषाव्यवहार म्हणून पाहिले. बोलणाऱ्याचा हेतू आणि ऐकणाऱ्याने काढलेले अनुमान यांचा त्यांनी केलेला विचार मूलगामी स्वरूपाचा होता.

१९९७ साली आल्बुकर्क येथे पहिली जागतिक संगणक ब्रिज स्पर्धा झाली. ती 'ब्रिज बॅरन' या प्रणालीने जिंकली. १९९८ व १९९९ साली मॅथ्यू गिन्सबर्ग याची 'जिब' ही प्रणाली विजयी ठरली. १९९८ साली लील येथे केवळ पाने खेळण्याच्या कौशल्याची जी वैयक्तिक स्पर्धा झाली, तीत जागतिक दर्जाच्या तज्ज्ञांमध्ये 'जिब' बारावी आली. १९९० च्या दशकात झिया महमूद या विख्यात खेळाडूने आपल्या पसंतीच्या संघास संगणक हरवू शकणार नाही, अशी दहा लाख पौंडांची पैज लावली होती. संगणकाची प्रगती पाहून ती त्याने मागे घेतली.

मात्र ही प्रगती पाने खेळण्यातील होती, बोलीतील नव्हे. 'जिब' बोलीच्या नियमांचा एक मोठा संग्रह वापरत असे. निर्णय अवघड असला, तर आतापर्यंतच्या बोलींशी जुळतील असे अनेक काल्पनिक डाव ती मांडी, प्रत्येक डावात पुढील बोली कशा होतील हे त्याच संग्रहावरून ठरवी आणि सरासरीने लाभदायक ठरणारी बोली निवडी. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात गिन्सबर्ग याने या पद्धतीतील दोष स्वतःच नोंदविला आहे. भिडू आणि प्रतिस्पर्धी हे सर्व आपल्याच संग्रहाप्रमाणे बोलतील, असे प्रणाली गृहीत धरते. संग्रहात एखादी त्रुटी असेल, तर समोरचा ती चूक करीलच असे मानून प्रणाली नेमकी त्या त्रुटीकडे ओढली जाते. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे, तर यंत्र आपल्या भिडूचे नव्हे, तर स्वतःच्याच प्रतिबिंबाचे बोलणे ऐकत असते.

७. ऑनलाइन ब्रिज आणि गैरसमजांचे प्रकार

मॅथ्यू क्लेग याच्या 'ओकेब्रिज' मुळे १९९० पासून इंटरनेटवर ब्रिज खेळणे शक्य झाले. फ्रेड गिटेलमन याच्या पुढाकाराने २००१ साली 'ब्रिज बेस ऑनलाइन' सुरू झाले. तेथे 'जिब' वर आधारलेले संगणकीय खेळाडू भिडू म्हणून उपलब्ध झाले. २०२० साली कोविड महामारीमुळे जगभरातील ब्रिज क्लब बंद पडले. तेव्हा अनेक ज्येष्ठ खेळाडूंना संगणकीय भिडूचा आधार वाटला. चौथा खेळाडू मिळविण्याची जुनी अडचण संपली. मात्र अनेक वर्षांच्या भिडूऐवजी समोर आला तो भूतकाळ नसलेला भिडू. अशा भिडूबरोबर होणारे गैरसमज स्थूलमानाने तीन प्रकारचे असतात.

अ) शब्द एक, अर्थ दोन : भिडूने 'एक नो ट्रम्प' म्हणून १५ ते १७ गुण दाखविले. १८ गुण हाती असलेला खेळाडू एक्के विचारण्यासाठी 'चार नो ट्रम्प' म्हणतो. घरगुती खेळात बहुतेकांच्या लेखी ही बोली ब्लॅकवुडचीच असते. परंतु प्रमाण पद्धतीत नो ट्रम्पच्या थेट उत्तरादाखल आलेली ही बोली 'हात चांगला असेल तर सहापर्यंत जा' अशी सूचना आहे. १५ गुण असलेला संगणक पास म्हणतो आणि ३३ गुण असूनही स्लॅम हुकते. येथे संगणक चुकलेला नाही. मात्र खेळाडूही अज्ञानी नाही. दोघांचे संकेत निराळे आहेत, एवढेच.

आ) पिढ्यांचे अंतर : जुन्या अमेरिकी शिकवणीनुसार 'एक इस्पिक' वर 'दोन किलवर' म्हणण्यास १० गुण पुरत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेल्या आणि संगणकीय खेळाडूंनी स्वीकारलेल्या 'टू ओव्हर वन' पद्धतीत हीच बोली गेमपर्यंत जाण्याची हमी देते. गोरेनच्या परंपरेत वाढलेला खेळाडू भिडूच्या 'दोन इस्पिक' वर पास म्हणतो, तेव्हा संगणकाच्या नियमांत न बसणारी घटना घडते. चांगले हात असूनही करार अर्ध्यावर राहतो. त्याउलट खेळाडू पुढे बोलला, तर नसलेल्या गुणांवर विसंबून संगणक वर चढत जातो. हा एका अर्थाने दोन पिढ्यांच्या भाषेतील गैरसमज आहे.

इ) वाढत जाणारा गैरसमज : हा प्रकार सर्वांत महाग पडतो. भिडूच्या 'एक नो ट्रम्प' वर खेळाडू बदाम दाखविण्याच्या हेतूने 'दोन बदाम' म्हणतो. संगणक संकेतानुसार 'दोन इस्पिक' म्हणतो. खेळाडू सावरण्यासाठी 'तीन बदाम' म्हणतो. संगणकाच्या लेखी आता खेळाडूजवळ इस्पिक आणि बदाम या दोन्ही रंगांची लांबी आहे व हातही भक्कम आहे. तो उत्साहाने 'चार इस्पिक' म्हणतो. खेळाडूची प्रत्येक दुरुस्ती मूळ गैरसमजास बळकटी देते. प्रस्तुत लेखकास या सापळ्याचा अनुभव स्वतःच्या विस्मरणामुळे आलेला आहे.

तिसऱ्या प्रकारात मनुष्य आणि यंत्र यांतील भेद सर्वाधिक स्पष्ट होतो. अनुभवी मानवी भिडूस तिसऱ्या बोलीपाशी शंका येऊ शकते. 'हा संकेत विसरला असावा' ही शक्यता त्याच्या मनात असते, कारण पूर्वी तो स्वतःही विसरलेला असतो. अर्थात या शंकेचा उपयोग करणे नेहमीच वैध नसते. भिडूच्या चेहऱ्यावरून शंका आली असेल, तर तीकडे दुर्लक्ष करणे हे त्याचे कर्तव्यच आहे. परंतु बोलीच परस्परांशी विसंगत असतील, तर त्यांवरून अनुमान काढण्यास नियमांची हरकत नसते. नियमसंग्रहावर चालणाऱ्या संगणकास मात्र विसंगती जाणवतच नाही. बोली नियमात बसते, म्हणून ती खरी असते.

यावर योजलेला उपाय असा की, बोली लावण्यापूर्वी तिचा संगणकास अभिप्रेत असलेला अर्थ पडद्यावर पाहता येतो. समोरासमोरच्या खेळात स्वतःच्या बोलीचा अर्थ असा तपासून पाहण्यास मुभा नसते. ही सोय उपयुक्त आहे. परंतु तिने जबाबदारीची विभागणी बदलली. मानवी जोडीत दोघेही परस्परांकडे सरकतात. येथे सर्व जुळवून घेणे मनुष्याच्याच वाट्याला येते. चाळीस वर्षे एकाच भिडूबरोबर खेळलेल्या व्यक्तीस हे शिकणे जड जाते, यात तिच्या बुद्धीचा दोष मानता येत नाही. डावानंतर 'तुला काय म्हणायचे होते?' असे विचारून जी समज वाढत जाते, तीस येथे जागाच नसते. उद्याच्या डावात संगणक कालचाच भिडू असतो.

८. यंत्राची स्वतःची बोली

२००६ साली आसाफ अमित आणि शॉल मार्कोविच यांनी संगणकीय भिडूंना परस्परांच्या निर्णयांचा अंदाज बांधण्यास शिकविणारी पद्धती मांडली. भिडूच्या निर्णयाचे प्रारूप आपल्या विचारात असावे, हे तत्त्व त्यामुळे पुढे आले. २०१५ नंतर मानवी पद्धतीचा आधार न घेता संगणकास स्वतःशीच खेळवून बोली शिकविण्याचे प्रयोग झाले. अशा जोड्या आपसांत उत्तम समजून घेतात. परंतु त्यांची बोली मनुष्यास परकी असते आणि तिचा अर्थ प्रतिस्पर्ध्यांना सांगण्याच्या नियमाची पूर्तता करणे कठीण होते.

मार्च २०२२ मध्ये पॅरिस येथे 'नुक' या प्रणालीने ८ विश्वविजेत्या खेळाडूंशी तुलना होणाऱ्या ८०० डावांच्या आव्हानात ८० पैकी ६७ संच जिंकले. या यशाचा गौरव सर्वत्र झाला. परंतु या आव्हानात बोलीचा समावेश नव्हता. करार आधीच ठरलेला होता. ब्रिजमधील संवादाचा भाग वगळूनच हा विजय साधला गेला, ही बाब इतिहासकाराने नोंदविणे आवश्यक आहे.

९. निष्कर्ष

१) बोलीचे गैरसमज हे संगणकयुगाचे अपत्य नव्हे. १९३१ सालच्या लेन्झ व जेकोबी यांच्या जोडीचे उदाहरण समान पद्धतीची मर्यादा स्पष्ट करते.

२) पुस्तकानुसार बोलणारा, न विसरणारा, चेहऱ्याने काही न सुचविणारा भिडू हा कल्बर्टसनपासूनच्या प्रमाणीकरणाचा आदर्श होता. संगणकीय भिडूने तो जवळजवळ पूर्णत्वास नेला. तरीही गैरसमज राहिले, यावरून त्या आदर्शातच काही उणीव होती, असे अनुमान निघते.

३) ती उणीव म्हणजे भिडू चुकू शकतो, या शक्यतेचा अभाव. नियमसंग्रहावर आधारित संगणकास बोलीचा अर्थ ठाऊक असतो. बोलणारा ठाऊक नसतो.

४) गैरसमज टाळण्याचा भार आजच्या व्यवस्थेत मनुष्यावर पडतो. सर्वाधिक भार पडतो तो जुन्या परंपरेत शिकलेल्या ज्येष्ठ खेळाडूंवर. त्यांच्या तक्रारीस केवळ 'पद्धती शिकून घ्या' असे उत्तर देणे अपुरे आहे.

५) संगणकीय भिडूच्या पुढील विकासात अधिक बिनचूक नियमांइतकेच महत्त्व योग्य वेळी शंका घेण्याच्या क्षमतेस द्यावे लागेल.

भिडूची बोली समजणे म्हणजे केवळ शब्दाचा अर्थ जाणणे नव्हे. तो शब्द कोण, कोणत्या सवयीतून आणि कोणत्या अडचणीत उच्चारीत आहे, याचाही विचार त्यात अंतर्भूत असतो. ब्रिजच्या पटावर हे एका डावाच्या गुणांपुरते महत्त्वाचे आहे. परंतु दैनंदिन व्यवहारात आपण ज्या वेगाने यंत्रांशी बोलू लागलो आहोत, तो पाहता पत्त्यांच्या खेळातील हा अनुभव व्यापक अभ्यासास पात्र ठरतो.